दर दहा मिनिटांनी हजेरी

आमच्या घरात हजेरी घेणारी माणसं दोन. एक मी आणि एक माझा नवरा. मी पोरीची घेते, तो मशीनची घेतो. आणि दोघांनाही वाटायचं, की आपण जगावर उपकार करतोय.

नवऱ्याचं आधी सांगते. शैलेंद्र गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपनीत आहे, इथे अॅरिझोनात, चँडलरलाच. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं ते खोकं. शरद ऋतूत त्यांचं नवं मॉडेल बाजारात येणार होतं आणि त्यातला एक भाग शैलेंद्रने चार वर्षं खपून केला होता. काय, तर हे खोकं दर दहा मिनिटांनी इंटरनेटवरून कंपनीला कळवणार, की मी आहे, माझ्यातला गेम अस्सल आहे, चोरीचा नाही. नेट गेलं की खोकं थांबणार. त्याचं इंग्रजी नाव वावभर लांब आहे. मी त्याला हजेरी म्हणते.

"अरे, पण कुणाचं नेट गेलं तर?" मी एकदा विचारलं.

"कुणाचं जातं आजकाल?" शैलेंद्र म्हणाला. "आणि गेम करणाऱ्या पोरांची मेहनत लोक फुकटात कॉपी करतात, त्याचं काय?"

हे मला कोण सांगतोय? नागपूरला सीताबर्डीवरून गेमच्या डुप्लिकेट कॅसेटी आणून अख्ख्या हॉस्टेलला खेळवणारा माणूस! तसं मी बोलूनही दाखवलं. तर हसून म्हणतो कसा, "म्हणूनच मला चोरांचे सगळे रस्ते माहीत आहेत." माणूस हुशार आहे, त्यात वाद नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी मला त्याच्या डोक्याचं कौतुक आहे, फक्त त्याला सांगत नाही. आधीच पाय जमिनीवर नसतात.

आता माझी हजेरी. आमची इला सव्वीस वर्षांची, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसांना बटण लावायला, चमचा धरायला, सही करायला पुन्हा शिकवते. शिकागोत, बॉस्टनमध्ये छान नोकऱ्या मिळत होत्या. पण ही बया जाऊन बसली चार तासांवर, वर डोंगरातल्या एका एवढ्याशा गावात. म्हणे, तिथे जायला कुणी तयार नाही. मी ठीक आहे म्हटलं आणि तिच्या फोनमध्ये आपण कुठे आहोत ते दाखवणारं अॅप टाकायला लावलं. माझ्या फोनच्या नकाशावर ती एक निळा ठिपका. शिवाय रोज सकाळी सातच्या आत "उठले" असा मेसेज. जास्त नाही ना काही मागितलं? आमच्या आईने तर गावाला पोचल्याची तार मागितली असती.

जूनमधल्या एका शनिवारी मेसेज आला नाही. ठिपका पाहिला, तर आदल्या दिवशी दुपारी चारपासून तो एका रस्त्याच्या मधोमध थिजलेला. फोन लावला, लागेना. तिच्या क्लिनिकचा नंबर लावला, तोही मेला.

"नेट गेलं असेल तिकडचं," शैलेंद्र चहा ओतता ओतता म्हणाला.

"कुणाचं जातं आजकाल?" मी त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारलं.

आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी सुचित्रा, तिला फोन केला. ती म्हणाली, तिकडच्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, ऑफिसला कळव, ते माणूस पाठवून खात्री करतात. मी पाचव्या मिनिटाला शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. मुलगी बेपत्ता आहे म्हणून सांगितलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं तेव्हा "सात वाजल्यापासून" म्हणाले. घड्याळात सव्वासात झाले होते.

तरी मी थांबले नाही. आदल्या दिवशी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा उचलला, शैलेंद्रला गाडीत कोंबलं आणि निघालो. वाटेत डोंगर चढताना आमचेही फोन बंद पडले. चार तास मी देवाचं नाव घेत होते आणि मधेमधे शैलेंद्रला शिव्या घालत होते. तो बिचारा गाडी चालवत होता. सोमवारी त्याची सगळ्यात मोठी मीटिंग होती. हजेरी नव्या मॉडेलमध्ये ठेवायची की नाही, ते त्यात ठरणार होतं आणि शेवटचा शब्द त्याचा होता. त्याची तयारी सोडून तो आला होता, कुरकूर न करता. हेही त्याला मी तेव्हा सांगितलं नाही.

क्लिनिकच्या दारात पोचलो तर शेरीफची गाडी निघत होती. आतली पोलीसबाई खिडकीतून म्हणाली, "तुम्हीच आई का?" आणि इतकं गोड हसली, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

इला दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आई! सीरियसली? पोलीस?"

"मेसेज का नाही केलास?"

"रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली. फ्रायडेपासून पूर्ण गावाचं नेट आणि फोन डाऊन आहे." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आई, तुला मी दिसत नव्हते. पण मी बंद नव्हते पडले ना. मी काम करत होते."

शैलेंद्र तिच्या खांद्यावरून आत बघत होता.

आत एका टीव्हीसमोर खुर्चीत एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. उजव्या हाताला पट्ट्याने गेमचा कंट्रोलर बांधलेला. टीव्हीवर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या टीव्हीखालची दोन्ही खोकी मी ओळखली. अजून बाजारात न आलेलं नवं मॉडेल. चाचणीसाठी कंपनीने आपल्या लोकांना दिलेली ती दोन मशिन्स शैलेंद्रने कंपनीला विचारून इलाच्या क्लिनिकला दिली होती. मोठ्या हौसेने रिबिन बांधून पाठवली होती.

इलाने ओळख करून दिली. म्हाताऱ्याचं नाव वॉल्टर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. केस कापायच्या दुकानाची, टायरवाल्याची, चर्चचीसुद्धा. फेब्रुवारीत झटका आला आणि उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. ब्रश धरणं दूरच, ग्लाससुद्धा धरता येत नव्हता. व्यायामाचा मऊ गोळा दिला तर म्हणाला, मी काय बालवाडीत आहे का? आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मग इलाने त्याला बोलिंगचा, म्हणजे चेंडू घरंगळवून समोरचे खुंट पाडायचा, गेम लावून दिला. बोटाने खटका दाबायचा, धरून ठेवायचा, नेमक्या क्षणी सोडायचा, की पडद्यावरचा चेंडू सुटतो. पहिल्या दिवशी अकरा गुण. आता चौऱ्याण्णव. आज शंभर करायचेच, म्हणून गडी सकाळी आठपासून येऊन बसला होता.

आणि पडद्यावर लिहिलं होतं: "तुम्ही तिथे आहात ना? कृपया इंटरनेटशी जोडा."

ही वाक्यं शैलेंद्रची होती. मला पक्कं माहीत, कारण नुसतं "एरर" लिहू नये, माणसासारखं बोलावं, म्हणून त्याने आठवडाभर ती घासली होती आणि मला सतरा वेळा वाचून दाखवली होती.

वॉल्टर पडद्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "मी इथेच आहे, बाबा. तूच कुठे दिसत नाहीस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता.

"जुनी मशिन्स होती ना तुझ्याकडे?" त्याने इलाला हळूच विचारलं.

"चार होती. थ्री आर डेड. एक वरच्या वस्तीतल्या आजी घरी घेऊन गेल्यात." ती वॉल्टरचा पट्टा सोडत म्हणाली, "इन्शुरन्स आठवड्याला दोनच सेशन देतो, बाबा. हात सुधारतो तो घरी, रोज केलं तर. म्हणून मी मशीन घरी देते. पण इथल्या निम्म्या घरांत नेट नाहीच. वॉल्टरकडे तर तीन मैल मातीचा रस्ता आहे, तिथे केबल कोण टाकणार?"

"मग ही नवी दोन?"

"फक्त इथे चालतात. नेट असलं तर."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू रिबन बांधून पाठवली होतीस, बाबा," इला म्हणाली.

आता माझ्यातली आई जागी झाली. खायला द्यावं सगळ्यांना, म्हणून डबा उघडला, तर आत लाडू नव्हतेच! मी गाढवीने डबा डिकीत ठेवला होता. अॅरिझोनाचं ऊन, त्यात चार तास. तूप वितळून तीस लाडवांचा एकच लाडू होऊन बसला होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

इलाने डब्यात डोकावलं. मग वॉल्टरच्या हाताकडे पाहिलं. पुन्हा डब्यात पाहिलं. आणि माझ्या पोरीच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की काय सांगू!

"वॉल्टर, हात धुऊन या," ती म्हणाली. "आई, तू शिकव."

एसीत मिश्रण दहा मिनिटांत वळण्याजोगं झालं. मी वॉल्टरच्या तळव्यावर मूठभर ठेवलं. मिटा, दाबा, धरा, आता सोडा. जे पडद्यावर चेंडूसाठी करायचं, तेच. पहिला लाडू बोटांमधून सांडून पायावर पडला. दुसरा पडला. इला मधे पडली नाही, हात धरून मदत केली नाही, "बिचारा" अशा नजरेने पाहिलं नाही. ती त्याच्या समोर स्टुलावर बसली आणि स्वतःचा लाडू वळू लागली. तोही वाकडाच, कारण घरी असताना बाईसाहेबांनी कधी हात लावला असेल तर शपथ. वॉल्टरने तिच्या लाडवाकडे पाहिलं आणि खो खो हसला. हसताना त्याचा अंगठा वळला. मी पाहिला! तिसरा लाडू त्याच्या मुठीत राहिला. एका बाजूने चपटा, दुसरीकडे शिंग आलेला, पण राहिला.

मी या पोरीला बोलायला शिकवलं, बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं. आणि त्या दिवशी मला तिच्याकडे मान वर करून बघावंसं वाटलं. नेट नाही, फोन नाही, बापाची मशिन्स ठप्प, दारात पोलीस, वर तोंड सुटलेली आई. आणि हिचा हात कुठे थरथरला नाही.

वॉल्टरने तो लाडू खाल्ला नाही. टेबलावर ठेवला आणि मग डबाच उचलून डोळ्यांजवळ नेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, "सौ. वीणा बोधनकर". माझ्या आईने लग्नात दिलेल्या भांड्यांवर भांडेवाल्याकडून घालून घेतलेलं. कितीतरी वेळ तो त्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवत होता.

"ही अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली आहेत," तो म्हणाला. "आमची रेघेवर उभी असतात. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, हे कधी पाहिलं नाही. कुणी काढलं?"

मी सांगितलं. आमच्याकडे डबा हरवू नये म्हणून नाव घालतात आणि डबा परत करताना कधी रिकामा करत नाहीत, हेही सांगितलं. मग म्हटलं, ठेवा तुमच्याकडे, लाडू संपले की इलाकडे द्या.

"लाडू रोज नाही वळता येणार मला, मॅडम. घोड्याएवढा होईन," वॉल्टर म्हणाला. मग इलाकडे वळून जरा लाजतच विचारलं, "ते मशीन घरी मिळायला काही मार्ग आहे का? शंभर व्हायला सहाच राहिलेत."

शैलेंद्र पुढे झाला.

"ते वाक्य मी लिहिलंय," तो म्हणाला. "पडद्यावरचं. आणि ते मशीन थांबतं तेही माझ्यामुळे. सोमवारी त्याचं ठरणार आहे."

वॉल्टरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाक्य चांगलं आहे," तो म्हणाला. "पण विचारलंत, तर उत्तर ऐकायला थांबायला हवं होतं."

परतताना अर्ध्या वाटेवर शैलेंद्र एकदम म्हणाला, "पण चोरी होते, वीणा. खरंच होते. लहान लहान कंपन्या बुडतात."

"होत असेल," मी म्हटलं. "म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी? विकताना एकदा नीट तपास ना. दाराशी बस हवं तर काठी घेऊन. घरातल्या माणसाला दर दहा मिनिटांनी उठवून नाव कशाला विचारतोस?"

तो तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत म्हणाला, "हे तू बोलतेयस?"

लागलं मला. चांगलंच लागलं. पण खोटं काय होतं त्यात?

सोमवारी त्याची मीटिंग घरूनच होती. मी स्वयंपाकघरात होते आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, कबूल करते. त्याने चार वर्षांच्या कामाचा आढावा दिला, चोरी किती कमी होईल त्याचे आकडे दिले, एकही लपवला नाही. आणि शेवटी म्हणाला, "हे मी लिहिलंय आणि ते उत्तम चालतं. माझी शिफारस आहे, की ते काढून टाका. पहिल्यांदा सुरू करताना एकदा तपासा, नंतर माणसाला खेळू द्या."

पलीकडे गदारोळ झाला. कुणीतरी विचारलं, याला आधार काय? किती गिऱ्हाइकांचा डेटा आहे तुझ्याकडे?

"एकाचा," शैलेंद्र म्हणाला. "मी त्याला भेटलोय."

ते हसले. त्यांच्या हसण्याचा आवाज माझ्या फोडणीपर्यंत आला. शैलेंद्र हसला नाही. तो एवढंच म्हणाला, की हजेरी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण त्या कागदावर माझी सही मिळणार नाही. नागपूरचा माणूस एकदा अडला की अडला. ते दोन आठवडे चाललं. रोज कुणी ना कुणी समजूत घालायला फोन करायचं. शेवटी हजेरी निघाली. आणि पुढच्या मॉडेलची टीम, जी याला मिळणार होती, ती परीक्षित नावाच्या एका तरुण पोराला मिळाली. शैलेंद्रने मला ते भाजी निवडता निवडता सांगितलं, पाऊस पडला म्हणावं तसं. मी विळी बाजूला ठेवली आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तोंडावर सांगितलं, की मला तुझा अभिमान वाटतो. तर म्हणतो कसा, "ताप आलाय का तुला?"

इलाच्या दोन्ही मशिन्समधून त्याने स्वतः जाऊन हजेरी काढली. एक वॉल्टरच्या घरी पोचलं. त्याच रात्री मी फोन हातात घेतला आणि तो निळा ठिपका काढून टाकला, सकाळचा मेसेजही माफ केला. सोपं नव्हतं हो! पहिले आठ दिवस मी सात वाजता उठून नुसती फोनकडे बघत बसायचे. नवव्या दिवशी इलाचा आपणहून फोन आला आणि पाऊण तास बोलली. इतकं ती गेल्या दोन वर्षांत बोलली नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी पोस्टाने एक खोकं आलं. आत माझा डबा. उघडला तर काठोकाठ चिलगोजे, त्यांच्या डोंगरातल्या पाइनच्या बिया. रिकामा पाठवला नव्हता. मी झाकण उलटं करून टेबलावर ठेवणार, तेवढ्यात शैलेंद्र म्हणाला, "थांब."

झाकणावर, माझ्या आईने घालून घेतलेल्या ठिपक्यांच्या वरून, निळ्या रंगाने नाव रंगवलेलं होतं. सौ. वीणा बोधनकर. "णा"चा काना जरा थरथरला होता. "ध" एका बाजूला कलला होता. पण वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, एका दमात ओढलेली.

खाली इंग्रजीत, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. ती माझ्यासाठी नव्हती. शैलेंद्रने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मोठ्याने वाचायला गेला, पण त्याला जमेना. मग मीच वाचली.

"हो, मी इथेच आहे. एकशे बारा."